आईला सांग

मंगळ, २१ एप्रिल

ब्रेकनंतरचा पहिला क्लास. ऑफिसातून थेट कॉलेजात. अरोहाने, म्हणजे आमच्या लेखनाच्या बाईंनी, निबंध परत दिले. माझ्या निबंधावर हिरव्या पेनने एकच शेरा, शेवटच्या पानाखाली: ‘या घरात कोणीच कोणाशी थेट बोलत नाही. हे मुद्दाम केलंय का?’

मुद्दाम काही नाही. मी फक्त आमचं कराडचं घर लिहिलं होतं.

परत वाचून बघितलं. खरंच की. अण्णा म्हणाले, आईला सांग. आई म्हणाली, अण्णांना सांग. अख्ख्या निबंधात एक सरळ संवाद नाही. मधे दारात मी.

बाकीच्यांच्या निबंधांत माणसं रडतात, दारं आपटतात. माझ्या शेजारी बसणारा ग्रॅहम रिटायर्ड प्लंबर आहे, त्याच्या निबंधात तर कुत्रासुद्धा जास्त बोलतो.

अरोहा म्हणते, रोज थोडं लिहीत जा, कुठल्याही भाषेत, मी बघणार नाही. म्हणून हे मराठीत. ऑकलंडच्या लोकल ट्रेनमध्ये लिहितेय, अक्षर हलतंय. मिडलमोर स्टेशन गेलं. आता पापाटोएटो, उतरायचं.

गुरु, २३ एप्रिल

संध्याकाळी कुकर लावताना प्रसादचा फोन. धाकटा भाऊ, कराडला आईअण्णांबरोबर राहतो, मेडिकलचं दुकान.

“ताई, अण्णांचा अमृतमहोत्सव ठरला. ३१ मे, रविवार. माजी विद्यार्थ्यांनी हॉल घेतलाय. शाल, श्रीफळ, मानपत्र. मानपत्र तू लिहायचंस.”

“मी का?”

“तू कोर्स करतेस ना लेखनाचा.”

“इंग्रजीत करतेय.”

“लेखन ते लेखन.”

कोर्सला नाव घातलं तेव्हा हाच विचारत होता, या वयात याचा उपयोग काय. झाला उपयोग.

हो म्हणून टाकलं. अण्णा पंचाहत्तर वर्षांचे होतायत. हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले त्याला किती वर्षं झाली, तरी कराडात अजून लोक रस्त्यात वाकून नमस्कार करतात. मुलीला अशा वेळी काहीतरी वाटायला हवं. शिट्ट्या झाल्या, गॅस बंद केला. नाही वाटलं काही.

रवि, २६ एप्रिल

पाऊस. खिडक्यांना आतून पाणी. शेजारणीने पुन्हा दारात फिजोआची पिशवी ठेवलीय. या दिवसांत इथे प्रत्येकाच्या झाडाला ही फळं इतकी लागतात की दुसऱ्याच्या दारात ठेवून पळून जावं लागतं. कोशिंबीर केली. रिया म्हणाली, “मम्मा, नॉट अगेन.” तेरा वर्षांची आहे, मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत.

फॅमिली ग्रुपवर अण्णांचा मेसेज: ‘उद्या दूधवाला येणार नाही. जास्तीचे दूध घेऊन ठेवावे.’ ग्रुपवर आम्ही चौघंच. प्र. दुकानात, मी ऑकलंडला. म्हणजे निरोप स्वयंपाकघरासाठी. मी आईला वेगळा मेसेज केला, आई, दूध. तिने मला कळवलं, घेतलं. मी ग्रुपवर टाकलं, घेतलंय. पूर्वी यासाठी मला दोन खोल्यांत पळापळ करावी लागायची. आता परदेशातून बसल्या जागी होतं.

मी सहावीत असल्यापासून आई अण्णांशी बोलत नाही. एक शब्द नाही. भांडण नाही, रुसून माहेरी जाणं नाही. वेळेवर ताट वाढते, त्यांचे शर्ट इस्त्रीला देते, लग्नकार्यात शेजारच्या खुर्चीवर बसते. फक्त बोलत नाही. गावात म्हणतात, सरांच्या मिसेस फार शांत.

प्र. तेव्हा बालवाडीत होता. त्याला वाटतं घरं अशीच असतात.

मानपत्राची सुरुवात करायला बसले. ‘सन्माननीय’ लिहिलं आणि चहा करायला उठले.

मंगळ, २८ एप्रिल

क्लासमध्ये व्यायाम: एक दिवस लिहा, फक्त दिसलं आणि ऐकू आलं तेवढंच. काय वाटलं ते लिहायचं नाही. माझ्यासाठीच काढल्यासारखा.

मी तपासणीचा दिवस लिहिला. ठरवलं नव्हतं.

शाळेची तपासणी असली की साहेब लोक हेडमास्तरांच्या घरी जेवायचे, तशी पद्धतच होती. आई पहाटेपासून पुरणाच्या मागे. मला शाळेत न पाठवता वाढायला घरी ठेवलेलं. सकाळी शाळेच्या ऑफिसात वडूजहून फोन आला, आईचे वडील गेले. फोन अण्णांनीच घेतला. दुपारी साहेबांना घेऊन ते घरी आले. पंगत बसली. अण्णा आग्रह करकरून वाढायला लावत होते, आई तव्यावरून गरम पोळ्या काढत होती, मी वरून तूप सोडत होते. साहेबांनी पान खाल्लं. जीप गेली. मग अण्णा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि त्यांनी आईला सांगितलं. फोन सकाळीच आला होता हेही सांगितलं. अण्णा खोटं कधी बोलत नाहीत.

आईने गॅस बंद केला, हात धुतले, साडी बदलली, एसटीने गेली. पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं.

दिवस करून परत आली त्या संध्याकाळी मला म्हणाली, “अण्णांना सांग, पान वाढलंय.” तेव्हापासून.

अरोहा म्हणाली, वेळ संपली. मी पेन खाली ठेवलं. हात थोडा दुखत होता.

शनि, २ मे

प्र. ने समितीचे मुद्दे पाठवले. मानपत्रात हे यायलाच हवं म्हणे: शिस्तप्रिय प्रशासक. इंग्रजीचे व्यासंगी शिक्षक. ग्रंथालय उभारणी. वृक्षारोपण. तपासणीत शाळेस प्रथमच ‘अ’ श्रेणी. सौ. सुमनताईंची समर्थ साथ.

शेवटचे दोन एकाखाली एक, आणि ती ‘अ’ श्रेणी त्याच दिवसाची. टाइप करणाऱ्याला बिचाऱ्याला काय माहीत.

हृषी रियाला नेटबॉलला सोडून आला, त्याला दाखवलं. म्हणाला, लिहून टाक ना, मानपत्र कोण एवढं लक्ष देऊन ऐकतं, सगळ्यांचं लक्ष जेवणाकडे. बरोबर आहे. आमच्या लग्नात त्याच्या काकांना मानपत्र दिलं होतं, त्यातला एक शब्द मला आठवत नाही. मठ्ठा आठवतो.

पण आईला त्या दिवशी स्टेजवर अण्णांच्या शेजारी बसून ऐकायचंय. तिचं लक्ष असणार.

मंगळ, ५ मे

क्लासमध्ये तपासणीचा दिवस वाचून दाखवला. अरोहा वाचायला लावतेच, सुटका नाही. सपाट आवाजात वाचला. मला दुसरा येत नाही.

मग ग्रॅहमने विचारलं, “सो व्हॉट डिड युअर मम से टू हिम?”

“काही नाही.”

“आय मीन, लेटर.”

“लेटरसुद्धा काही नाही. अजूनपर्यंत नाही.”

ग्रॅहमने चष्मा काढून पुसला. एकीने टिश्यूचा डबा माझ्याकडे सरकवला. मला नको होता. घेतला, उगाच वाईट दिसायला नको.

अरोहाने विचारलं, “मग त्या घरात बोलायचं कोण?”

मी म्हटलं, मी.

आणि मग सांगितलं की मी निरोप जसाच्या तसा कधी दिला नाही. अण्णा म्हणायचे, सांग तिला, आमटीत मीठ ओतलंय. मी जाऊन म्हणायची, आई, आमटी छान झालीय, मीठ किंचित कमी चालेल. आई म्हणायची, सांग, हॉटेल उघडं आहे. मी जाऊन म्हणायची, उद्या लक्षात ठेवेन म्हणाली. वर्ग हसला. अरोहा म्हणाली, तू अकराव्या वर्षापासून संपादन करतेयस. पुन्हा हसले. मीही हसले. घरी येईपर्यंत तोंड दुखत होतं.

शुक्र, ८ मे

ऑफिस. मी इन्शुरन्स कंपनीत बिझनेस ॲनालिस्ट, लिहायचंच काम करते तसं. ग्राहकाला काय हवं ते ऐकायचं आणि डेव्हलपरला त्याच्या भाषेत सांगायचं. दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही म्हणून मला पगार. आजच लक्षात आलं हे.

लंचमध्ये मानपत्राचे दोन परिच्छेद. प्र. ला पाठवले. लगेच फोन.

“ताई, कोरडं झालंय गं. ‘आपण अमुक साली रुजू झालात, आपण ग्रंथालय सुरू केलंत.’ हे काय मानपत्र आहे? ज्ञानाचा अथांग सागर वगैरे काही नाही?”

“सागर नाहीत ते.”

“असं थोडंच असतं. सगळ्यांनाच म्हणतात.”

“कोर्समध्ये विशेषणं काढायला शिकवलंय.”

“मग मानपत्रात राहतं काय?”

बरोबर विचारलं त्याने. मी एक विशेषण परत घातलं. ‘व्यासंगी’. ते खरं आहे.

रवि, १० मे

इथला मदर्स डे. रियाने पॅनकेक केले, कार्डावर ‘यू आर द बेस्ट, हीप्स ऑफ लव्ह’. घट्ट मिठी मारली. मी पाठीवर थोपटलं.

दुपारनंतर आईला फोन. तिला या दिवसाचं काही नाही. गवार निवडत होती. मानपत्र कुठवर आलं विचारलं. मी म्हटलं, चाललंय. मग सहज विचारावं तसं विचारलं तिने.

“वाचणार कोण ते?”

“कोणी माजी विद्यार्थी. वकील आहेत म्हणे.”

गवारीच्या शेंगा मोडल्याचा आवाज. मग म्हणाली, “मी वाचते.”

“कुठे?”

“कुठे म्हणजे? स्टेजवर. प्रसादला सांग. माझा आवाज चांगला आहे. शाळेत वक्तृत्वात नंबर यायचा माझा.”

मला माहीतच नव्हतं. एवढी वर्षं तिचं बोलणं मी इकडून तिकडे नेलं, आणि ती वक्तृत्वात होती हे मला कोणी सांगितलं नाही.

“अण्णांना सांगू का?”

“त्यांना नको.”

फोन ठेवल्यावर उरलेले पॅनकेक उभ्यानेच संपवले.

बुध, १३ मे

प्र. भलताच खूश. “ताई, काय आयडिया आहे. सरप्राइज ठेवू. पत्नी मानपत्र वाचते असं कराडात कधी झालं नसेल. पेपरात फोटो येईल.” त्याच्या आवाजात खरा आनंद होता. मला त्याचा हेवा वाटला जरा.

सकाळी ट्रेनमध्ये एकदम लक्षात आलं. मानपत्र म्हणजे सगळं ‘आपण’ असतं. आपण हे केलंत, आपण ते केलंत. समोर बसलेल्या माणसाच्या तोंडावर बोलायचं असतं. म्हणजे मी जे लिहीन ते आई अण्णांना म्हणणार. माइकवर, भरल्या हॉलमध्ये. इतक्या वर्षांत तिने त्यांना उद्देशून काढलेला पहिला शब्द कोणता असावा, हे मला ठरवायचंय. आत्तापर्यंत निरोप तिचा असायचा, मी फक्त मऊ करून पोचवायचे. आता निरोपच मी लिहायचा आणि पोचवणार ती.

लिहिलेले परिच्छेद तिच्या आवाजात वाचून बघितले. ‘आपण ग्रंथालयाची उभारणी केलीत.’ ती असं बोलेल? बोलली तर मग तिचं काय उरलं? आणि साथ-बिथ घातली तर ती स्वतःच्या तोंडाने स्वतःची साथ वाचणार.

स्टेशन चुकलं. पुढच्या स्टेशनवरून चालत ऑफिसला. पावसात. उशीर झाला. कोणी काही बोललं नाही, इथे बोलत नाहीत, “ऑल गुड?” विचारतात फक्त. ऑल गुड म्हटलं.

मंगळ, १९ मे

शेवटचा क्लास. कोणी केळ्याचा केक आणला होता, ग्रॅहमने ॲपल पाय. मी चिवडा नेला, सगळ्यांनी वाकून वाकून खाल्ला आणि पाणी प्यायले.

शेवटचं काम: या कोर्समध्ये काय शिकलात यावर निबंध, पुढच्या मंगळवारपर्यंत. तुम्ही कसे बदललात तेही लिहा.

निघताना अरोहाने थांबवलं. मानपत्राचं मी तिला मागे सांगितलं होतं, आज आईचंही सांगितलं. तिने नीट ऐकलं. तिच्याकडे मराईवर, म्हणजे माओरी लोकांच्या सभागृहात, कोणाचा सन्मान असला की समोर उभं राहून बोलावंच लागतं म्हणे, कागद न घेता, आणि तक्रार असेल तर तीही तिथेच, त्याच्या समोर. मग जेवण. मी म्हटलं, आमच्याकडे जेवण असतं.

ती हसली नाही. म्हणाली, “तू आईच्या वतीने लिहितेस, वडिलांच्या वतीने लिहितेस. मला अजून तुझं एक वाक्य दिसलेलं नाही.”

मी थँक्यू म्हटलं. बाहेर येऊन कारपार्कपाशी उभी राहिले आणि मला राग आला. खरा राग, कानशिलं तापली. अरोहाचा नाही. त्या दोघांचा. एक दिवस, एक फोन, आणि त्यापुढचं सगळं वजन एका शाळकरी मुलीच्या डोक्यावर ठेवून दोघं आपापल्या खोल्यांत निवांत. आईचासुद्धा राग आला. तिचा राग येतो हे कधी स्वतःशी बोलले नव्हते.

ट्रेनमध्ये बसेपर्यंत गेला. लिहून ठेवतेय, नाहीतर उद्या वाटेल आलाच नव्हता.

शुक्र, २२ मे

फ्रेमवाल्याला मजकूर उद्या हवा. संध्याकाळी आईला फोन केला आणि सरळ विचारलं. असं सरळ मी तिला कधी विचारत नाही.

“आई, ‘अ’ श्रेणीचं वाक्य आहे. काढू?”

“का काढतेस?”

“तुला वाचायला लागेल.”

“ठेव. तेच वाचायचंय मला.”

“आणि तुझ्या साथीचं?”

“ते काढ. मी कसली साथ दिली? मी स्वयंपाक केला.”

मी म्हटलं, तसंच लिहू? म्हणाली, जे झालं ते लिही, वरून काही लावू नकोस. मग मी फोनवरच लिहून तिला वाचून दाखवलं: ‘आपल्या कार्यकाळात तपासणीत शाळेस प्रथमच अ श्रेणी प्राप्त झाली. त्या दिवशी दुपारी आपल्या घरी पंगत होती. स्वयंपाक सौ. सुमन यांनी केला होता.’

“हं,” आई म्हणाली. “इथे थांब. पुढचं माझं मी बघते.”

“पुढचं काय?”

“तुला काय करायचंय? तू लिहिलंस ना. झालं तुझं काम.”

आवाज शांत होता, पण पुन्हा विचारायची सोय नव्हती.

प्र. ला पाठवलं. “स्वयंपाक? मानपत्रात?” मी म्हटलं, आईने सांगितलंय. मग तो काही बोलला नाही. त्या घरात आईने सांगितलंय म्हटलं की कोणी काही बोलत नाही.

मंगळ, २६ मे

निबंध देऊन टाकला. कितीदा सुरुवात केली. ‘आय हॅव ग्रोन ॲज अ रायटर’ लिहिलं आणि खोडलं. मी काही वाढले नाही. शेवटी जे खरं वाटलं ते लिहिलं. विशेषण काढल्यावर वाक्य मरत नाही. संवादाला दोन माणसं लागतात आणि तिसऱ्याने मधून बाजूला व्हावं लागतं. मी माझ्या लेखनात अजून बाजूला झालेली नाही. मला काय वाटतं ते मला उशिरा कळतं, काही वेळा कळतच नाही, आणि ते लेखनाने बरं होतं असा मला अनुभव नाही.

बदललात का या प्रश्नाला ‘माहीत नाही’ लिहिलं. मार्क जातील तर जातील.

आईअण्णांनी मला वाईट वागवलं नाही, हेही लिहिणार होते. राहिलं.

रवि, ३१ मे

लाँग वीकेंड. पाच वाजता सोफ्यावर रिया, हृषी, मी. प्र. ने लाइव्ह लावून दिलं होतं. हॉल भरलेला. कितीतरी टक्कल पडलेले विद्यार्थी. अण्णा मधल्या खुर्चीत, पांढरा सदरा, ताठ. आई शेजारी, मोरपंखी साडी. शाल झाली, श्रीफळ झालं. निवेदक म्हणाला, आता एक अनपेक्षित आनंदाचा क्षण. आई उठली.

अण्णांचा चेहरा तोच राहिला. समारंभातला, किंचित हसरा. हात मात्र खुर्चीच्या हातावरून मांडीवर आले.

आईने वाचलं. आवाज खरंच चांगला आहे तिचा. स्वच्छ, सावकाश. “आपण रुजू झालात.” “आपण ग्रंथालय उभारलंत.” रिया कुजबुजली, “इज शी टॉकिंग टू हिम?” मी म्हटलं, वाचतेय.

‘अ’ श्रेणी आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पंगत होती, वाचलं. स्वयंपाक सौ. सुमन यांनी केला होता, वाचलं. थोडे हसले लोक, कौतुकाने. मजकूर संपला.

आईने चष्मा काढला. लोकांकडे पाठ केली, अण्णांकडे वळली, माइक खाली धरला.

“अहो,” ती म्हणाली. हे आम्हाला ऐकू आलं. नंतर एक वाक्य बोलली, लांब नव्हतं. तेवढ्यात लोक उठून टाळ्या वाजवायला लागले, कोणी शिट्टी मारली. ओठ हलताना दिसले फक्त. अण्णा उठून उभे राहिले. आईने फ्रेम त्यांच्या हातात दिली आणि जाऊन आपल्या खुर्चीवर बसली. ते बराच वेळ उभेच होते.

मी रडत होते. केव्हा सुरू झालं कळलं नाही. रियाने माझा हात धरून ठेवला होता.

नंतर प्र. चा फोन. “काय बोलली गं ती? मी बाजूलाच होतो, काही ऐकू आलं नाही.” मी म्हटलं, विचार ना तिला. “विचारलं. म्हणाली, ज्यांना सांगायचं त्यांना सांगितलं.” मग म्हणाला, अण्णा जेवले नाहीत, भूक नाही म्हणाले. आई नीट जेवली. जिलबी घेतली, मठ्ठा परत मागून घेतला.

सोम, १ जून

सुट्टी. ऊन पडलंय, पण गारठा. कपडे बाहेर वाळत घातले.

दुपारी अण्णांचा मेसेज. ग्रुपवर नाही, माझ्या एकटीच्या नंबरवर. यापूर्वी कधी आला नव्हता.

‘चि. मंजिरीस अनेक आशीर्वाद. मानपत्राचा मजकूर वस्तुनिष्ठ व उत्तम उतरला आहे. तुझ्या आईने शेवटी जे वाक्य उच्चारले ते तू लिहिलेले होते काय? कळवणे.’

कपडे वाळत घालायचे राहिले होते तेवढे घालून आले. मग उत्तर लिहिलं. ‘नाही अण्णा. माझा मजकूर स्वयंपाकाशी संपतो. पुढचं तिचं आहे. तिलाच विचारा.’ अण्णांना मी असं कधी लिहिलं नाही. पाठवून दिलं.

वाचलं त्यांनी लगेच. बराच वेळ काही नाही. मग आलं:

‘आईला सांग, मला तिच्याशी बोलायचे आहे.’

तिकडे आता सकाळ असेल. ते बाहेरच्या खोलीत, पेपर घेऊन. ती आत, स्वयंपाकघरात. मधे एक दार, आणि ते कधी लावलेलं नसतं.

मी आईचा नंबर काढला. मेसेज अर्धा लिहून झाला होता, सवयीने, मऊ करून. ‘आई, अण्णांना जरा’. पुसला.

मी सांगितलेलं नाही. भीती वाटतेय. फोन उपडा करून ओट्यावर ठेवलाय आणि रियाबरोबर अंगणात येऊन बसलेय.